सायकलवीर फाउस्तो कोप्पी

इटली देशाच्या वायव्य भागात पीडमाँट नावाचा प्रांत आहे. तेथील टेकड्यांच्या मुलखात कास्तेल्लानिया नावाचे एक लहानसे खेडे वसले आहे. या खेड्यात १५ सप्टेंबर १९१९ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी फाउस्तो कोप्पी याचा जन्म झाला. घरी पाच भावंडे आणि उत्पन्न बेताचेच. त्यातून फाउस्तोची प्रकृती लहानपणी नाजूक होती. त्याच्या लांब, कृश पायांकडे पाहून हा मुलगा पुढे जगातील थोर खेळाडूंत गणला जाईल, असे कोणास वाटले नसते.

वयाच्या तेराव्या वर्षी फाउस्तोने शाळा सोडली आणि जवळच्या नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात नोकरी धरली. गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोचवावयाचे, हे त्याचे काम. हे काम तो सायकलीवरून करी. चढउतारांच्या रस्त्यांवर रोजची ही रपेट करता करता त्याच्या पायांत बळ आले आणि छाती भरली. व्यापारी जहाजावर नोकरीस असलेल्या त्याच्या चुलत्यांनी पुतण्याची आवड ओळखली व त्याला चांगली सायकल घेण्यासाठी पैसे दिले.

नोव्ही लिगुरे येथेच फाउस्तोला बियाजो काव्हान्ना हे गुरू भेटले. काव्हान्ना हे अंध होते. खेळाडूंचे अंग मर्दन करणे हा त्यांचा व्यवसाय. डोळ्यांनी जे इतरांना दिसत नसे, ते काव्हान्नांना बोटांच्या स्पर्शाने कळे. या काटकुळ्या मुलाचे सामर्थ्य त्यांनी ओळखले. काय खावे, केव्हा झोपावे, किती सराव करावा, याची कडक शिस्त त्यांनी त्याला लावली. ही शिस्त कोप्पीच्या पुढील यशाचा पाया ठरली.

इटलीमध्ये दरवर्षी ‘जिरो द’इटालिया’ नावाची सायकलशर्यत होते. फ्रान्समध्ये तशीच ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत भरते. या शर्यती एका दिवसात संपत नाहीत. सुमारे तीन आठवडे, टप्प्याटप्प्याने त्या चालतात. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मोजून ठेवतात, आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी तो विजयी ठरतो. जिरोमध्ये आघाडीवर असलेला स्वार गुलाबी सदरा घालतो, तर टूरमध्ये पिवळा. वरवर पाहता ही एकेकट्याची शर्यत वाटते. पण तसे नाही. पुढे असलेल्या स्वाराला वारा अडवितो. त्याच्या पाठीशी राहणाऱ्याला श्रम कमी पडतात. म्हणून प्रत्येक संघात एक नायक असतो आणि बाकीचे साथीदार त्याच्यासाठी वारा झेलतात, पाणी आणतात, प्रसंगी आपले चाकही काढून देतात. केव्हा राखून राहावे आणि केव्हा उसळी घ्यावी, हे ज्याला कळते तोच शर्यत जिंकतो.

१९४० साली कोप्पी असाच एक साथीदार म्हणून जिरोमध्ये उतरला. त्याच्या संघाचा नायक होता जिनो बार्ताली. बार्तालीने दोन वेळा जिरो आणि १९३८ साली टूर जिंकली होती. परंतु शर्यतीच्या आरंभीच बार्ताली पडला व जखमी झाला. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात कोप्पीने एकट्याने आघाडी मारली आणि गुलाबी सदरा मिळविला. तेव्हा नायकपणाचा अभिमान बाजूस ठेवून बार्तालीने डोंगरांत त्याला साह्य केले. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी कोप्पी विजयी झाला. एवढ्या लहान वयात ही शर्यत जिंकणारा तो पहिलाच.

शर्यत ९ जून रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरली. कोप्पीच्या उमेदीची वर्षे युद्धाने गिळली. १९४२ साली मिलान शहरात त्याने एका तासात सुमारे ४५.८ किलोमीटर अंतर तोडून जागतिक विक्रम केला. तो पुढे चौदा वर्षे टिकला. परंतु लगेच त्याला सैनिक म्हणून आफ्रिकेत जावे लागले. १९४३ मध्ये ट्यूनिसिया येथे इंग्रजांनी त्याला युद्धकैदी केले, आणि १९४५ मध्ये तो मायदेशी परतला.

१९४६ च्या वसंतऋतूत मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरांची शर्यत त्याने जिंकली, तेव्हा दुसरा स्वार त्याच्या मागून चौदा मिनिटांनी आला. त्याच वर्षी जिरोमध्ये मात्र बार्तालीने त्याच्यावर ४७ सेकंदांनी मात केली. पुढच्या वर्षी कोप्पीने तो पराभव फेडला. आता दोघे निरनिराळ्या संघांत होते आणि सारी इटली जणू दोन पक्षांत वाटली गेली होती. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात लोकांना अभिमान वाटावा असे फारसे उरले नव्हते. कॉफीच्या दुकानांत, कारखान्यांच्या दारांत, रस्त्यांच्या कडेला वाद झडत. बार्तालीचे चाहते त्याच्या अनुभवाची, चिकाटीची आणि धर्मनिष्ठेची थोरवी गात. कोप्पीचे चाहते त्याच्या डौलदार गतीचे आणि शास्त्रशुद्ध तयारीचे दाखले देत. कोणत्या घाटात कोण उसळी घेईल, सपाटीवर कोण वेळ भरून काढील, याचे हिशेब लोक तासन्‌तास मांडीत.

परंतु स्पर्धेचे वैरात रूपांतर झाले म्हणजे खेळाची शोभा जाते. १९४८ साली हॉलंडमध्ये जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. कोप्पी आणि बार्ताली दोघेही इटलीचे प्रतिनिधी. पण दुसरा जिंकू नये म्हणून ते एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळत राहिले. शेवटी दोघांनीही शर्यत अर्ध्यावर सोडली. मायदेशातील संघटनेने त्यांना काही काळ स्पर्धेतून दूर ठेवून शिक्षा केली. पराभवाचे दुःख विसरता येते. ही नामुष्की विसरण्यासारखी नव्हती.

१९४९ च्या जिरोमध्ये कोप्पीने आपले सारे सामर्थ्य प्रकट केले. कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा २५४ किलोमीटरांचा होता आणि वाटेत आल्प्सचे पाच घाट होते. पहिल्याच घाटात कोप्पी एकटा पुढे निघाला. त्यानंतर १९२ किलोमीटर तो एकट्यानेच धावला. पिनेरोलोस तो पोचला, त्यानंतर जवळजवळ बारा मिनिटांनी दुसरा स्वार आला. तो होता बार्ताली!

त्यानंतर काही दिवसांतच टूर द फ्रान्स सुरू होणार होती. तीत त्या काळी राष्ट्रांचे संघ उतरत. इटलीच्या संघाची धुरा आल्फ्रेदो बिंदा यांच्याकडे होती. तेही आपल्या काळी पाच वेळा जिरो जिंकलेले स्वार होते. बार्ताली आदल्या वर्षीचा विजेता, तर कोप्पी नुकताच जिरो जिंकलेला. नायक कोणास करावे, यावर देशभर वाद माजला. एकास वगळले तर अर्धा देश रुसेल. दोघांस घेतले तर आदल्या वर्षीचा प्रसंग पुन्हा ओढवेल, अशी भीती होती. बिंदा यांनी दोघांशी बोलून त्यांच्यात समेट घडविला आणि दोघांनाही संघात घेतले.

या समेटाची परीक्षा लवकरच झाली. रूआँ ते सँ मालो या टप्प्यात कोप्पी पडला व त्याची सायकल मोडली. त्याच्या मापाची दुसरी सायकल लवकर मिळेना. बिंदा यांची मोटार बरीच मागे होती. आपली उपेक्षा होत आहे, असे त्याला वाटले. त्याचे अवसान गळाले आणि घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. त्या दिवशी तो आघाडीच्या स्वारापेक्षा सुमारे ३७ मिनिटे मागे पडला. बिंदा यांनी त्याची समजूत घातली. शर्यत अजून फार उरली आहे आणि डोंगर पुढेच आहेत, हे त्याला पटवून दिले. कोप्पीने राग गिळला आणि तो पुन्हा सायकलीवर बसला.

पुढे वेळेच्या शर्यतीत आणि पिरेनीज पर्वतात त्याने बराच काळ भरून काढला. आल्प्स पर्वतात तो आणि बार्ताली बरोबरीने साऱ्यांच्या पुढे गेले. १८ जुलै रोजी दोघे ब्रियाँसाँ येथे पोचले. त्या दिवशी बार्तालीला ३५ वर्षे पूर्ण होत होती. कोप्पीने टप्प्याचा विजय त्याच्याकडे जाऊ दिला आणि पिवळा सदरा बार्तालीला मिळाला. दुसऱ्या दिवशी इटलीतील आओस्ता येथे जाताना बार्तालीचे चाक पंक्चर झाले आणि पुढे तो पडला. तेव्हा बिंदा यांच्या अनुज्ञेने कोप्पी एकटा पुढे गेला आणि पिवळा सदरा त्याच्या अंगावर आला. पॅरिसला कोप्पी पहिला आला व बार्ताली दुसरा. एकाच वर्षी जिरो आणि टूर या दोन्ही शर्यती जिंकणारा कोप्पी हा पहिला स्वार होय. आदल्या वर्षी एकमेकांना अडविणारे दोघे या वर्षी एकमेकांच्या साह्याने सर्वांच्या पुढे गेले.

यशाबरोबर दुःखही आले. कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता. १९५१ साली तूरिन येथील एका शर्यतीत तो पडला आणि त्याच दिवशी त्याचे निधन झाले. या आघाताने कोप्पी खचला. तरीही १९५२ साली त्याने जिरो व टूर या दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या. त्या टूरमध्ये दुसऱ्या स्वारापेक्षा तो २८ मिनिटांहून अधिक पुढे होता. याच शर्यतीत एका घाटात काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात कोप्पी आणि बार्ताली यांच्या हातांत पाण्याची एकच बाटली दिसते. कोणी कोणाला पाणी दिले, हा वाद चाहत्यांनी पुढे अनेक वर्षे घातला. १९५३ साली कोप्पीने पाचव्यांदा जिरो जिंकली आणि जागतिक अजिंक्यपदही मिळविले.

१९५९ च्या डिसेंबरात तो काही मित्रांसह आफ्रिकेतील अपर व्होल्टा देशात गेला. आज तो देश बुर्किना फासो या नावाने ओळखला जातो. तेथून परतल्यावर त्याला तीव्र ताप भरला. तो हिवताप होता. पण वैद्यांना त्याचे निदान झाले नाही. त्याच प्रवासातील त्याचा फ्रेंच सोबती जेमिनियानी याच्या तापाचे निदान वेळीच झाले, म्हणून तो वाचला. कोप्पी मात्र २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथे मृत्यू पावला. त्याचे वय अवघे ४० वर्षांचे होते. त्या वर्षी तो ज्या संघातून उतरणार होता, त्याची व्यवस्था बार्ताली पाहणार होता. दोन प्रतिस्पर्धी पुन्हा एकदा एकत्र येणार होते. पण ते घडावयाचे नव्हते.

१९६५ पासून जिरोमधील सर्वांत उंच घाटमाथ्याला कोप्पीचे नाव दिले जाते. त्याच्या जन्मगावाच्या नावालाही २०१९ साली त्याचे नाव जोडण्यात आले. कोप्पी थोर की बार्ताली, हा वाद चाहत्यांपुरता कधी मिटला नाही, आणि त्याचे उत्तर कोणी देण्याची गरजही नाही. एका तहानेला एकच बाटली असताना ती दोघांच्या हातांत होती, एवढे त्या छायाचित्रात स्पष्ट दिसते.