विश्लेषण : होम थिएटरचे स्पीकर नेमके कुठे ठेवायचे? उत्तराची सुरुवात १९३१ मधल्या एका चित्रपटगृहात...

नवा टीव्ही येतो, सोबत पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा संच येतो आणि वायर जिथवर पोहोचेल तिथे स्पीकर टांगले जातात. बहुतेक घरांत मांडणी अशीच होते. मग पडद्यावर नायक डावीकडे उभा असतो आणि त्याचा आवाज उजवीकडच्या शोकेसवरून येतो. नेमकी हीच विसंगती नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका तरुण अभियंत्याला खटकली होती. त्याचे नाव अॅलन ब्लुमलाइन. स्टीरिओ ध्वनीचा जनक म्हणून तो आज ओळखला जातो, पण त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा त्या वेळी दडवून ठेवावी लागली होती.

कोण होते ब्लुमलाइन?

जन्म २९ जून १९०३, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. वडील मूळचे जर्मन, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले. सात वर्षांच्या अॅलनने घरातली दारावरची घंटा दुरुस्त करून वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले होते. वाचन त्याला बरेच उशिरा जमले, गणित मात्र आधीपासून पक्के. सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून पदवी घेऊन तो आधी टेलिफोनच्या क्षेत्रात आणि १९२९ मध्ये कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेला. तिथले पहिले काम अमेरिकी पेटंटना वळसा घालून रेकॉर्डिंगची नवी यंत्रणा उभी करण्याचे होते. ते त्याने केले. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेला, भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचा एचएमव्ही छापही याच घराण्यातला.

चित्रपटगृहात काय घडले?

बोलपट तेव्हा नवीन होते आणि आवाज एकाच वाहिनीचा असे. सांगतात की, पुढे पत्नी झालेल्या डोरीनसोबत ब्लुमलाइन चित्रपट पाहायला गेले होते. पात्र पडद्याच्या एका टोकाला असूनही आवाज दुसरीकडून येतो, हे त्यांना विचित्र वाटले आणि आवाज पात्राच्या मागे जाईल असा उपाय आपल्याला सापडला आहे, असे त्यांनी तिला सांगितले. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यात तब्बल ७० दावे होते. अर्जदाराचे वय २८.

कल्पना कानांवर बेतलेली होती. उजवीकडचा आवाज डाव्या कानापर्यंत किंचित उशिरा पोहोचतो, फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका, आणि डोके आड आल्याने थोडा क्षीणही होतो. या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ब्लुमलाइन यांनी दाखवले की, समोरच्या दोन स्पीकरच्या आवाजाची पातळी योग्य प्रमाणात कमी-जास्त केली, तर कानांना तसाच फरक जाणवतो आणि दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेतून कुणी बोलत असल्याचा भास होतो. एवढेच सांगून ते थांबले नाहीत. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर ४५ अंशांत दोन वाहिन्या कोरायची युक्तीही त्यांनी त्याच पेटंटमध्ये मांडली. १९३४ मध्ये अॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे स्टीरिओ ध्वनिमुद्रण झाले. १९३५ मध्ये हेझ स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांची छोटी चित्रफीत तयार झाली. गाडी पडद्यावरून सरकते तसा आवाजही सरकतो.

मग आपल्या दिवाणखान्यात?

हा भास नाजूक असतो. समोरचे दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण झाला, म्हणजे दोन्ही मध्यापासून साधारण ३० अंशांवर आले, तर तो टिकतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला मात्र जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि सगळे चित्र त्या बाजूला कलंडते. म्हणूनच संवादांसाठी पडद्याच्या मधोमध सेंटर स्पीकर असतो. तो टीव्हीच्या कपाटात आत ढकलून ठेवणे म्हणजे घेतलेल्या पैशांवर पाणी सोडणे.

सराउंड स्पीकरचे गणित नंतरचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत ५.१ संचाचे सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेपासून जरा मागे आहेत. थेट पाठीमागे नाहीत. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागे जागाच उरत नाही. अशा वेळी तो फूटभर पुढे ओढावा किंवा सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानांपेक्षा थोडे वर लावावेत. सबवूफरला एवढी शिस्त लागत नाही, कारण खूप खालच्या स्वरांची दिशा कानाला नीट कळत नाही. कोपऱ्यात मात्र तो घुमतो.

पुढे काय झाले?

कंपनीला त्या काळात स्टीरिओची बाजारपेठ दिसली नाही. ब्लुमलाइन दूरचित्रवाणीकडे वळले. बीबीसीने १९३६ मध्ये सुरू केलेल्या ४०५ रेषांच्या प्रसारणात त्यांचा मोठा वाटा होता. युद्ध पेटल्यावर रडार आले. ढगांतून आणि अंधारातून जमीन दाखवणाऱ्या एच-टू-एस रडारची चाचणी ७ जून १९४२ रोजी एका हॅलिफॅक्स विमानात सुरू होती. इंजिनातली एक नट नीट आवळलेली नव्हती. आग लागली, विमान वेल्सच्या सीमेजवळ कोसळले आणि ११ जण गेले. ब्लुमलाइन ३८ वर्षांचे होते, घरी डोरीन आणि दोन लहान मुले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून मृत्यूची वाच्यता झाली नाही. ते रडार १९४३ च्या जानेवारीत बॉम्बफेकी विमानांवर बसले.

त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. स्टीरिओ रेकॉर्ड दुकानांत आल्या त्या १९५८ च्या सुमारास. खाचेच्या दोन भिंती आणि ४५ अंशांचा कोन तोच होता. पेटंटची मुदत १९५२ मध्येच संपली होती.