दर आठवड्याचें देणें : कादंबरीकार हरि नारायण आपटे

आम्ही भिंगार येथें राहतों. नगरचा किल्ला ओलांडून थोडें पूर्वेस आलें म्हणजे आमचें गांव लागतें. महिन्याची अखेर आली कीं आसपासच्या खेड्यांतील उपदेशक बंधु आपापला अहवाल लिहावयास बसतात. त्या दोन दिवसांत जी धांदल उडते ती आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे, आणि स्वतः भोगिलीही आहे. महिन्याचें काम एका रात्रींत उरकूं पाहणाऱ्या आम्हां सर्वांस उपयोगी पडेल असें एक चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों. ज्यांचें हें चरित्र, ते आपल्या मंडळींतले नव्हते. परंतु विधवा स्त्रियांचें दुःख महाराष्ट्राच्या घराघरांत ज्यांनीं पोंचविलें, त्यांचें नांव आपणांस परकें वाटूं नये.

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. त्यांची आई ते लहान असतांनाच वारली. त्यांचें बाळपण मुंबईस गेलें व पुढील शिक्षण पुण्यास झालें. गणित हा विषय त्यांस कधीं साधला नाहीं, आणि त्यामुळें पदवी पदरीं पडली नाहीं. पण इंग्रजी व संस्कृत ग्रंथांचें त्यांचें वाचन दांडगें होतें. गोपाळ गणेश आगरकर यांनीं हॅम्लेट नाटकाचें रूपांतर प्रसिद्ध केलें तेव्हां ह्या विशीच्या आंतील विद्यार्थ्यानें त्यावर विस्तृत टीका लिहिली. १८८५ सालीं त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी एका पत्रांतून भागाभागानें येऊं लागली.

पुढें १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ नांवाचें साप्ताहिक काढिलें व तें १९१७ पर्यंत चालविलें. आपल्या बहुतेक कादंबऱ्या त्यांनीं ह्याच पत्रांतून प्रकरणशः लिहिल्या. साप्ताहिक चालविणें म्हणजे काय, हें वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें. त्या काळीं जुळारी एकेक खिळा हातानें उचलून ओळ जुळवीत असे. म्हणून अंक निघण्याच्या पुष्कळ आधीं हस्तलिखित छापखान्यांत जावें लागे. मग मुद्रितें येत. तीं वाचून चुका काढावयाच्या, ओळी अधिक झाल्या तर छाटावयाच्या, उणें पडलें तर भरावयाचें, आणि डाकेची वेळ साधावयाची. एक अंक हातावेगळा झाला कीं दुसऱ्याची मागणी दारांत उभी! छापून गेलेलें प्रकरण परत बोलावितां येत नाहीं. पांचव्या प्रकरणांत कांहीं चुकलें असें पंधराव्या प्रकरणीं ध्यानांत आलें, तरी लेखकास पुढेंच चालावें लागतें. आणि हरिभाऊंच्या हातीं पुष्कळदां एक सामाजिक व एक ऐतिहासिक अशा दोन कादंबऱ्या एकाच वेळीं असत.

बरें, एवढेंच त्यांचें काम होतें असेंही नव्हे. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली व अखेरपर्यंत राहिली. तेथें जुन्या संस्कृत पोथ्या गोळा करून, निरनिराळ्या प्रतींतील पाठ ताडून, ग्रंथ छापीत असत. शिवाय पुण्याच्या नगरपालिकेचें काम होतें. तिचे ते अध्यक्षही झाले. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां ते लोकांच्या मदतीस उभे राहिले. आणि त्याच वर्षीं ‘उषःकाल’ संपून ‘जग हें असें आहे’ ही नवी कादंबरी चालू झाली. सवड मिळेल तेव्हां लिहूं असें म्हणत बसते, तर त्यांच्या हातून एकही कादंबरी झाली नसती.

ह्या घाईची किंमत त्यांस द्यावी लागली, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे. कथानक कोठें कोठें रेंगाळतें. ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ ह्या कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. सावकाश, एकाग्र बसून लिहिते, तर रचना अधिक बांधेसूद झाली असती, हें टीकाकारांचें म्हणणें खोटें नाहीं.

पण दुसरी बाजू पाहावी. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून १८९३ पर्यंत ‘करमणुकी’त येत होती. तींत यमू नांवाची ब्राह्मण मुलगी आपली कथा स्वतः सांगते : बाळपण, सासर, पतीचा थोडा काळ लाभलेला स्नेह, मग वैधव्य आणि बळजबरीचें केशवपन. वाचकांनीं ती एका बैठकींत वाचून बाजूस ठेविली नाहीं. यमू त्यांच्या घरीं दर आठवड्यास येत राहिली व त्यांच्या डोळ्यांदेखत वाढली; म्हणून तिच्यावर जेव्हां आघात झाला, तेव्हां तो घरांतल्या मुलीवर झाल्यासारखा वाटला असला पाहिजे. विधवांच्या प्रश्नावर व्याख्यानें पुष्कळ झालीं होतीं; पण व्याख्यान संपलें कीं श्रोता घरीं जातो. येथें तर दुःखच घरीं येऊन बसलें. हें बळ त्या साप्ताहिक हप्त्यांतूनच आलें, असें आम्हांस वाटतें.

हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास वारले. त्याच वर्षीं ९ मे रोजीं आपले नारायण वामन टिळक यांनींही देह ठेविला. टिळकांचीं पुष्कळ वर्षें आमच्या शेजारच्या नगरांत गेलीं, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन, म्हणजे तेंच दर आठवड्याचें देणें, त्यांच्याकडे होतें. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ आरंभींच्या सुमारें दहा अध्यायांवर थांबलें. पुढील चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं रचिले, व १९३८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीस शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें, तिनें तें काम शेवटास नेलें.

हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्या कोणी तशा पुऱ्या केल्या नाहींत. तरी त्यांनीं त्या त्या आठवड्याचा भाग त्या त्या आठवड्यास दिला. बंधूंनो, आपला अहवाल, आपला पाठ, आपली रात्रीची शाळा हीं सर्व लहान हप्त्यांचींच कामें आहेत. ह्या महिन्याची अखेर येईपर्यंत थांबूं नका. आज सायंकाळीं दिवा लावल्यावर, आज ज्या घरीं गेलां त्या घरचें चार ओळींत लिहून ठेवा.