दीनबंधू अँड्र्यूज

दक्षिण दिल्लीतील अँड्र्यूजगंज ही वसाहत आपणां दिल्लीकर मराठी मंडळींच्या नित्य परिचयाची आहे. तिला ज्यांचे नाव लाभले, ते चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नाहीत. धर्मप्रसारासाठी आलेल्या या इंग्रज पाद्र्याला गोरगरिबांनी दीनबंधू मानावे, हे सहज घडलेले नाही.

अँड्र्यूज यांचा जन्म इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १२ फेब्रुवारी १८७१ रोजी झाला. केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर त्यांनी लंडनच्या वॉलवर्थ या दरिद्री वस्तीत मिशनचे काम केले. श्रमिकांच्या घरांत वावरण्याचे पहिले धडे त्यांना तेथेच मिळाले. मार्च १९०४ मध्ये केंब्रिज मिशनतर्फे ते दिल्लीस आले आणि तेव्हा काश्मिरी दरवाजाजवळ असलेल्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकवू लागले. १९०६ मध्ये प्राचार्यपदाचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा इंग्रज माणसाऐवजी सुशीलकुमार रुद्र यांचीच निवड व्हावी असा त्यांनी आग्रह धरला. सत्ताधारी जातीत जन्मलेल्या माणसाने हिंदी सहकाऱ्याच्या हाताखाली आनंदाने काम करावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते आपल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजुरांच्या लढ्यासाठी १९१३ मध्ये गोखल्यांनी देशाला मदतीची हाक दिली, तेव्हा अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या स्वाधीन केली आणि त्यांच्याच सांगण्यावरून विल्यम पिअर्सन यांच्यासह ते दर्बानला गेले. जानेवारी १९१४ मध्ये तेथील धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधीजींना वाकून पदस्पर्श केला. गोऱ्यांची वृत्तपत्रे खवळली; पण मजुरांना या माणसाची ओळख पटली.

खरी कसोटी पुढे फिजीत लागली. १८७९ पासून साठ हजारांहून अधिक हिंदी स्त्रीपुरुष पाच वर्षांच्या कराराने तेथील उसाच्या मळ्यांवर गेले होते. ॲग्रीमेंट या शब्दाचे त्यांनी गिरमिट केले होते. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर ते मजुराला गुन्हेगार ठरवून कोर्टात उभे करीत. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविण्याचा दंडक होता. त्यामुळे चाळवजा बराकींत कुटुंबजीवन असे उरलेच नव्हते. अशा माणसांनी गोऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा तरी कसा? गोरा म्हणजे मळ्याचा मुकादम नाही तर सरकारचा अंमलदार, एवढाच त्यांचा अनुभव!

१९१५ मध्ये अँड्र्यूज व पिअर्सन तेथे पोचले. ते बाप्तिस्मा देण्यासाठी आले नव्हते आणि सरकारचे चाकर म्हणूनही आले नव्हते. मळ्यामळ्यांतून हिंडून त्यांनी मजुरांच्या हकिगती ऐकल्या, आत्महत्यांचे भयंकर प्रमाण नोंदविले आणि १९१६ मध्ये सारे छापून जगापुढे मांडले. मजूर स्त्रियांविषयीचे त्यांतील काही निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांना एकांगी वाटले, तेही रास्तच आहे. पण अँड्र्यूज अहवाल लिहून थांबले नाहीत. १९१७ मध्ये ते पुन्हा फिजीस गेले. एकदा येऊन हळहळणारे पुष्कळ असतात. दिलेला शब्द स्मरून परत येणारा विरळा. विश्वास बसतो तो या परत येण्याने.

गिरमिट बंद व्हावे हा गोखल्यांनी १९१२ मध्ये कायदेमंडळात मांडलेला ठराव फेटाळला गेला होता. १९१५ मध्ये ते निवर्तले. तोच ठराव १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी मांडला आणि या खेपेस सरकारने तत्त्व मान्य केले. १९१७ मध्ये मजूर पाठविणे थांबले, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

दरम्यान १९१४ मध्येच मिशन सोडून अँड्र्यूज शांतिनिकेतनात रवींद्रनाथांकडे गेले होते. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ राहिली. १९२१ मध्ये चांदपूर येथे आसामचे चहामळे सोडून निघालेल्या मजुरांत पटकीची साथ पसरली, तेव्हाही ते त्यांच्यात जाऊन राहिले. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

आपल्या कोकणातूनही कितीतरी कुटुंबे अशाच करारांवर मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. आपण सुस्थितीत घर सोडले, त्यांनी नाइलाजाने सोडले. या राजधानीत आपल्याइतकेच दुरून येऊन आपली घरे बांधणारे, आपली धुणीभांडी करणारे हात आहेत. त्यांच्या दाराशी आपण कितीदा गेलो, आणि गेलो तर पुन्हा गेलो काय, हा प्रश्न अँड्र्यूज यांचे चरित्र आपणांस विचारीत आहे.