हिल्व्हरसमचा घोडेस्वार

इथल्या डच खेळाडूंमध्ये आपल्याला फार तर क्रॉयफ ठाऊक. माझे आवडते मात्र शार्ल पाहुद द मोर्तांज. १८९६ मध्ये हेगला जन्मलेले हे घोडदळातले अधिकारी. १९२४ ला पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण मिळालं, पण खरी जोडी जमली ती मार्क्रुआ या घोड्याशी.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धा हिल्व्हरसमला झाली. आधी ड्रेसाज, म्हणजे चाल, दुडकी, आटोपशीर दौड, सगळं मोजूनमापून. मग रानातून खंदक-कुंपणं ओलांडत भरधाव धाव, शेवटी अडथळ्यांवरच्या उड्या. गोम इथेच आहे! धावेला घोड्यात जी रग लागते, तीच ड्रेसाजमध्ये आडवी येते. ती मारायची नाही. पक्की बैठक, पायांचा दाब आणि हलका लगाम यांवर नुसती धरून ठेवायची. मोर्तांजना ते जमलं. वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्णपदकं! १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच घोड्यावर पुन्हा वैयक्तिक सुवर्ण.

महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत पडले, निसटले, इंग्लंड गाठलं आणि प्रिन्सेस इरेन ब्रिगेडमधून लढले. पुढे लेफ्टनंट जनरल झाले, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरही बसले. १९७१ मध्ये गेले.