सात रंगांचे अर्थशास्त्र

कलावस्तूचे मोल तिच्या दुर्मिळतेवर ठरते, हा बाजाराचा रूढ नियम. तो जाणूनबुजून धुडकावणारा एक थोर चित्रकार बंगालमध्ये होऊन गेला. जामिनी रॉय हे त्यांचे नाव.

बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड या खेड्यात १८८७ साली त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत त्यांनी प्रवेश घेतला. तेथे पाश्चात्य तैलचित्रणाची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून चांगला लौकिक मिळविला. तथापि, उसन्या शैलीत त्यांचे मन रमेना. १९२० नंतरच्या दशकात ते कालीघाटच्या पटांकडे आणि बांकुड्याच्या लोककलेकडे वळले. छायाप्रकाशाचा खेळ त्यांनी टाकला. ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग आणि लांबट, टपोरे डोळे एवढ्यावर त्यांची माता, संथाळ स्त्री व वैष्णव कीर्तनकार उभे राहू लागले.

साधनांच्या बाबतीतही हाच संयम होता. कॅनव्हासऐवजी कापड, चटई व लाकडी फळी. रंग अवघे सात, तेही बहुतांशी माती, दगडाची पूड, नीळ व खडू यांपासून घरीच सिद्ध केलेले. चिंचोक्यांची खळ त्यांना बांधून ठेवी. काळ्या रेषेला काजळ पुरे.

या काटकसरीमागे एक सामाजिक भूमिका होती. चित्र सामान्य गृहस्थाला परवडले पाहिजे, या हेतूने ते अल्प किमतीत चित्रे विकीत आणि मुलांच्या साहाय्याने एकाच चित्राच्या अनेक प्रती काढीत. त्यामुळे त्यांच्यावर पुनरावृत्तीचा आरोप झाला. तो सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु तीच घडण पुन्हा घडविल्याबद्दल कुंभाराला कोणी दोष देत नाही, आणि रॉय यांनी पटुआ कारागिराचाच मार्ग पत्करला होता.

१९७२ साली ते निवर्तले. १९७६ मध्ये शासनाने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा देऊन त्यांच्या निर्यातीस प्रतिबंध केला. हे उचितच झाले. मात्र ज्यांनी आयुष्यभर दुर्मिळतेला नकार दिला, त्यांचीच चित्रे आज लिलावात लाखोंची बोली घेतात आणि शिक्षक-कारकुनाच्या आवाक्याबाहेर जातात. कायद्याने चित्रे सुरक्षित झाली. त्यांमागील विचार मात्र निराधार राहिला. आपल्या शाळांच्या उघड्या भिंतींवर स्थानिक कारागिरांची अल्पमोली चित्रे लागली, तरच तो जिवंत राहील.