माणसांची पारख असलेले उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर

नांगर, पंप आणि यंत्रे यांच्यामुळे किर्लोस्कर हे नाव देशभर पोहोचले. या उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये एका ओसाड माळावर कारखाना उभारण्यास घेतला, त्यावेळी त्यांच्याजवळ पुरेसे भांडवल नव्हते आणि पदवीधर अभियंतेही नव्हते. होती ती मोजकी माणसे. त्यांच्यापैकी काहींना दुसऱ्या एखाद्या कारखान्याने फाटकावरूनच परत पाठवले असते. शिक्षण अर्धवट सोडलेले तरुण त्यांच्यात होते आणि तुरुंगवास भोगून आलेली माणसेही होती. या माणसांमधील कामाची उमेद ओळखून त्यांच्यावर जबाबदारी सोपवणारा मालक, ही लक्ष्मणरावांची ओळख त्यांच्या यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रकला आणि यंत्रे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. वडिलांची फारशी संमती नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांमधील फरक ओळखता येत नसल्याचे आढळून आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रेखाटनावर मात्र त्यांचा हात चांगलाच बसला होता. त्यामुळे ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. एका परीक्षेत नापास ठरलेला माणूस दुसऱ्या कामात उत्तम ठरू शकतो, याचा पहिला अनुभव त्यांनी असा स्वतःच्याच बाबतीत घेतला होता.

दुसरा अनुभव कडवट होता. संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्याला मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती एका अँग्लो इंडियन शिक्षकाला देण्यात आली. कामातील आस्था आणि तयारी यांपेक्षा माणसाचा वंश मोलाचा ठरल्याचे पाहून त्यांनी १८९७ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. तेथे रामूअण्णांच्या साह्याने १८८८ पासून सायकलींचे दुकान चालू होते. दोघा भावांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांमध्ये होता. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली.

कारखान्याचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी ती जागा रिकामी करण्यास सांगितले. लक्ष्मणरावांना औंध संस्थानातील एका बांधकामाचे काम पूर्वी मिळालेले असल्याने संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी आपल्या राज्यात जागा निवडण्यास सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज म्हणून देऊ केले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन निश्चित करण्यात आली. निवडुंगाने आणि नागांनी भरलेला तो माळ होता. १० मार्च १९१० रोजी तेथे कामाला प्रारंभ झाला. सुमारे २५ कामगार आपली कुटुंबे घेऊन लक्ष्मणरावांबरोबर या माळावर राहण्यास आले. ज्या ठिकाणी धड पाणीही नव्हते, तेथे बायकामुलांसह येणारा कामगार केवळ पगारासाठी येत नाही, हे उघड आहे.

लक्ष्मणरावांनी आपल्या सहकाऱ्यांना कामे कशी वाटून दिली, हे पाहण्यासारखे आहे. रामूअण्णांकडे नियोजनाची आणि व्यवस्थेची दृष्टी होती. त्यामुळे वसाहतीची आखणी, घरे, पाणी आणि स्वच्छता ही कामे त्यांच्याकडे देण्यात आली. शंभूराव जांभेकर पुस्तकी अभ्यासात मागे पडलेले होते. यंत्र समोर आले की मात्र त्याचे मर्म समजल्याशिवाय ते उठत नसत. लक्ष्मणरावांनी त्यांना कारखान्यातच अभियंता म्हणून घडू दिले. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण मध्येच थांबले होते. नवे काही करून पाहण्याची त्यांची हौस लक्ष्मणरावांनी हेरली आणि पुढे कल्पक अभियंता म्हणून त्यांचे नाव झाले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता हिशेबनीस झाले आणि गरज पडेल तेव्हा वसाहतीची घरगुती व्यवस्थाही पाहू लागले. के. के. कुलकर्णी यांना एकाच चौकटीत बसवणे कठीण होते. कोठेही अडचण उपस्थित झाली की त्यांना पाठवावे, असा तेथील शिरस्ताच पडला.

या यादीत आणखी दोन नावे आहेत, आणि ती सर्वांत बोलकी आहेत. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. लक्ष्मणरावांनी त्यांना कारखान्याच्या आणि वसाहतीच्या राखणीसाठी नेमले. ज्यांच्यापासून मालमत्ता जपावी असे लोक म्हणत, त्यांच्याच हाती मालमत्ता सोपवण्यात आली आणि दोघेही अत्यंत विश्वासू पहारेकरी ठरले. या नेमणुकीचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळचा कायदा लक्षात घ्यावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. १९११ मध्ये, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या उभारणीच्या काळातच, त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. हा कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. सरकार माणसाची पारख त्याच्या जातीवरून करत असताना एक कारखानदार ती त्याच्या वागण्यावरून करत होता. याच औंध संस्थानात तीन दशकांनंतर आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा १९५७ मधील ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट रसिकांना परिचित आहेच. वाडीतील दोन पहारेकऱ्यांची हकिगत मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. कर्मचाऱ्यांचे कौतुक शब्दांनी करून भागत नाही, त्यांना बरे घर, स्वच्छ पाणी आणि मुलांसाठी शाळा मिळाली पाहिजे, असे ते मानत. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात कर्मचाऱ्यांच्या सकारात्मक दृष्टिकोनाची दखल घेण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण ही दखल बहुधा प्रशस्तिपत्रकापाशी थांबते. किर्लोस्करवाडीत ती अधिक अवघड काम सोपवण्याच्या रूपाने घेतली जाई. ज्याने उत्साह दाखवला, त्याच्याकडे पुढचे, अधिक जोखमीचे काम जाई, आणि त्यातील चूकही मालक सांभाळून घेई. तरी कौशल्याची गरज नाही, असे लक्ष्मणराव कधीही समजले नाहीत. ते स्वतः कसलेले यंत्रज्ञ होते आणि ओतकामातील खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कौशल्य कारखान्यात शिकवता येते, कामाची आस्था मात्र माणसाने बरोबर आणावी लागते, हा त्यांच्या निवडीमागील हिशेब होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या हिशेबाचा कस लागला. परदेशी नांगरांची आयात आटल्याने मागणी वाढली, परंतु लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून पाहण्यात आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि एकेकाळी किल्ल्यांवर असलेले लोखंड नांगराच्या फाळांत उतरले. तयार पद्धतींवर विसंबणारे कारागीर असते, तर कदाचित या टंचाईत कारखाना बंद पडला असता. वाडीच्या माणसांना मुळात तयार पद्धत अशी कधी मिळालीच नव्हती. प्रत्येक गोष्ट करून पाहण्याची त्यांना सवय होती.

युद्धानंतर कारखान्याचा विस्तार झाला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. उद्योगाची वार्ता देण्यासाठी काढलेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी वाङ्मयात मानाचे ठरले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले आणि कारखान्यात प्रशिक्षित तंत्रज्ञांचे युग सुरू झाले. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे नव्या कंपन्या स्थापन झाल्या. उद्योग मोठा झाला की मालकाला प्रत्येक कामगाराचा स्वभाव ठाऊक असणे शक्य राहत नाही. किर्लोस्करवाडीसारखी निवड त्यामुळे सर्वत्र करता आली नसती, हेही मान्य करावे लागेल.

१९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या हिंसाचारात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव त्यावेळी ७८ वर्षांचे होते. ज्या भागातील माणसांवर त्यांनी आयुष्यभर विश्वास टाकला, त्याच भागात हे घडावे, हा आघात केवळ आर्थिक नव्हता. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि नांगर व पंप पुन्हा बाहेर पडू लागले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे निधन झाले. १९१० मध्ये जेथे गाडीतून उतरून कामगारांची पहिली कुटुंबे माळाकडे चालत गेली होती, त्या कुंडल रोड स्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव देण्यात आले.