वार्तापटाचे जनक सावेदादा

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना पहिले नाव घेतले जाते ते दादासाहेब फाळके यांचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला आणि कथापटांचे युग सुरू झाले. मात्र त्याच्या चौदा वर्षे आधी, याच मुंबईत एका मराठी छायाचित्रकाराने भोवतालचे जीवन हलत्या चित्रांत टिपले होते. त्यांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा.

सावेदादांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईत झाला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. प्रवेशमूल्य होते एक रुपया. शहरातील प्रतिष्ठितांना या खेळांनी थक्क केले. सावेदादांना मात्र त्यात आपल्या व्यवसायाची पुढची पायरी दिसली. त्यांनी इंग्लंडच्या रायली कंपनीकडून २१ गिनी मोजून चलतचित्रणाचा कॅमेरा मागविला.

१८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय येथे नसल्याने ती विलायतेला पाठवावी लागली. पुढे त्यांनी प्रक्षेपकही मिळविला आणि आपल्या चित्रफिती परदेशी चित्रफितींसोबत लोकांना दाखविण्यास सुरुवात केली. माकडाचे खेळ करणारा मदारीही त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटला नाही. कलकत्त्यात याच सुमारास हिरालाल सेन असेच प्रयोग करीत होते.

सावेदादांचे खरे वैशिष्ट्य १९०१ मध्ये दिसून आले. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात गणितातील सीनियर रँग्लरचा मान पटकावला होता. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि सावेदादांनी तो प्रसंग चित्रित केला. भारतातील पहिला वार्तापट म्हणून त्याची नोंद होते. परकीय सत्तेच्या काळात एका देशबांधवाच्या गौरवाला त्यांनी बातमीचे मोल दिले. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात भरलेला दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

त्यानंतर मात्र सावेदादांनी चित्रीकरण थांबविले. त्यांचा कॅमेरा श्रीनाथ पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतला. हेच पाटणकर पुढे मूकपटांचे निर्माते झाले. सावेदादांनी गेइटी थिएटरचे व्यवस्थापन सांभाळले. बोरीबंदरसमोरील हे थिएटर पुढे कॅपिटॉल या नावाने ओळखले गेले. चित्रे टिपण्याऐवजी ती दाखविण्याच्या व्यवसायात त्यांनी जम बसविला.

सावेदादांना दीर्घायुष्य लाभले. मूकपट बोलू लागलेले त्यांच्या हयातीत घडले. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि दर आठवड्याचा वार्तापट देशभरातील चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखविला जाऊ लागला. ज्या प्रकाराची पायाभरणी त्यांनी एकट्याने केली होती, तो आता सरकारी खात्याचे काम बनला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये सावेदादांचे निधन झाले.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेणारी आणि उष्ण, दमट हवेत झिजणारी. सावेदादांची एकही चित्रफीत आज उपलब्ध नाही. कथापटाच्या जनकाचे काही काम तरी पडद्यावर पाहता येते. वार्तापटाच्या जनकाचे कार्य मात्र केवळ लिखित नोंदींतून जाणून घ्यावे लागते. घटना जपून ठेवण्यासाठी ज्याने कॅमेरा हाती घेतला, त्याचेच काम जपले गेले नाही, ही मराठी समाजाच्या मनाला लागून राहावी अशी उणीव आहे.